नटाच्या खांद्यापलीकडे

ज्या मुलखावर आपला जीव जडलेला असतो, तिथं चित्रित झालेला सिनेमा धड बघता येत नाही. नायिका ओक्साबोक्शी रडत असते आणि आपण तिच्या पाठीमागचं झाड ओळखत बसतो. थरच्या वाळवंटाच्या बाबतीत माझं हे नेहमीच होतं. पडद्यावर राजस्थान आलं की नजर नटाच्या खांद्यावरून पलीकडे जाते. खेजडीला सांगरीच्या शेंगा लोंबताहेत, म्हणजे युनिट उन्हाळ्यात आलं होतं. दाराची चौकट जैसलमेरच्या पिवळ्या दगडाची आणि नायक आत शिरतो तो जोधपुरी लालसर दगडाच्या वाड्यात. घरातली मंडळी असले सिनेमे माझ्याबरोबर बघायचं टाळतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

नकाशाशी सिनेमावाले जो खेळ करतात, त्याला मात्र माझी हरकत नाही. अमोल पालेकरांच्या 'पहेली'ची (२००५) गोष्ट मारवाडची, पण त्यातली देखणी बावडी टोडारायसिंहची, म्हणजे टोंक जिल्ह्यातली, अरवली ओलांडून पलीकडची. डेव्हिड लीनने 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'साठी (१९६२) जॉर्डनमधलं वादी रम वापरलं, पण अकाबा उभं केलं ते स्पेनच्या अल्मेरियात. एका दारातून बाहेर पडायचं आणि भलत्याच प्रांतातल्या अंगणात उतरायचं, हे पडद्यावर चालायचंच. गोष्ट पुढे सरकत असेल तर किलोमीटर मोजत बसू नये.

मला खुपतं ते हे, की सिनेमा वाळवंट रिकामं करतो.

जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर समचे धोरे आहेत. हिंदी सिनेमातल्या वाळूच्या टेकड्या म्हणून आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते बहुतेक असंच काहीतरी असतं. तिथं उभं राहून पाहिलं तर जीपच्या चाकोऱ्या, तंबूंच्या रांगा, चहाची टपरी, वेफर्सची रिकामी पाकिटं आणि उंटाची दोरी धरून गिऱ्हाईक शोधणारी पोरं. निर्मनुष्य वाळवंट तिथं आयतं मिळत नाही, ते घडवावं लागतं. वाळूवर पावलं उमटायच्या आत पहाटेच कॅमेरा लावायचा, टपरी चौकटीबाहेर ठेवायची आणि मधोमध एकच माणूस चालत न्यायचा, शक्यतो पांढऱ्या किंवा लाल कपड्यातला. एकाकीपणा तयार!

आणि हे धोरे म्हणजे थर नव्हे. जैसलमेर जिल्ह्याचा बराचसा भाग खडकाळ माळाचा, मुरमाचा, खुरट्या झुडपांचा आहे. फोग, केर, आक, सेवण गवत आणि अधूनमधून फाल्गुनात केशरी फुलणारा रोहिडा. ज्याला तिथं खेजडी म्हणतात ती आपली शमीच. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो आणि तिथली माणसं तिच्या शेंगांची भाजी करतात, पाला शेळ्या-उंटांना घालतात. जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत थरची गणना होते. वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एवढी माणसं शतकानुशतकं राहिली, तर त्यांनी काहीतरी केलं असणार. ते काय केलं, हेच नेमकं कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण ते बहुतेक जमिनीखाली आहे.

उदाहरणार्थ कुंई. जैसलमेर-बिकानेरच्या काही पट्ट्यांत खोलवरचं भूजल खारं आहे, पण वाळूच्या खाली मध्येच खडूसारख्या जिप्समचा एक सलग पट्टा लागतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, त्या पट्ट्यावर अडतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. मग तिथवर एक अरुंद विहीर खणायची. इतकी अरुंद, की खणणारा आत उकिडवा बसूनच काम करतो. वाळू ढासळू नये म्हणून बाजूंना गवताचा जाड दोर गुंडाळत न्यायचा किंवा लाकूड-दगड लावायचा. वाळूत अडकलेला ओलावा थेंबाथेंबाने झिरपत तळाशी जमतो. दिवसाकाठी दोन-चार घागरी, पण गोड. अनुपम मिश्रांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात हे सगळं इतक्या मायेने लिहिलं आहे, की वाचल्यावर वाळूकडे बघायची दृष्टीच पालटते. आता अशा कुंईवरून नायक घोडा दौडवत गेला, तर पडद्यावर काय दिसेल? एक लाकडी झाकण, तेही धुळीने माखलेलं.

मला वाटतं, दोष कॅमेऱ्याचा कमी आणि आपल्या हौसेचा जास्त आहे. शहरी प्रेक्षकाला वाळवंट हवं असतं ते मनातल्या रितेपणाचं चित्र म्हणून. विरह, तहान, वैराग्य, काहीही घाला, वाळू ते मुकाट सोसते. कल्पना लाजमींच्या 'रुदाली'ची (१९९३) गोष्ट महाश्वेता देवींनी लिहिली ती बिहारमधली. सिनेमा झाला तेव्हा ती राजस्थानात आली. डिंपल कापडियांचं काम उत्तमच आहे. पण मूळ गोष्ट भुकेची, जातीची, मालकांच्या हिशेबाची आहे. वाळूच्या पार्श्वभूमीवर ती नियतीची वाटायला लागते. जमीनदाराने केलेला अन्याय आणि उन्हाने केलेला अन्याय एकाच रंगाचे दिसू लागतात. हा बदल मला बावडी टोंकची असण्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

परदेशात तर याच्यापुढची पायरी गाठली गेली. वादी रम 'द मार्शियन'मध्ये (२०१५) मंगळ झालं, 'ड्यून'मध्ये (२०२१) आणखी एक परका ग्रह झालं. तिथल्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली चित्रं आणि लेख आहेत आणि बदाऊनी कुटुंबं आजही राहतात. परका ग्रह म्हणून ती दरी दाखवायची, तर चौकटीबाहेर ठेवायची यादी बरीच लांबत असणार.

याच्या अगदी उलट टोकाला मणि कौल यांचा 'दुविधा' (१९७३). विजयदान देथांची तीच गोष्ट, जिच्यावरून पुढे 'पहेली' झाला: लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी व्यापाराला निघून गेलेला नवरा आणि त्याचं रूप घेऊन घरात आलेलं भूत. कौल जन्माने जोधपूरचे. त्यांनी हा सिनेमा केला तो देथांच्याच बोरुंदा गावात. धोरे जवळजवळ नाहीतच. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, त्यांवर पडलेलं ऊन, लाल ओढणी, हिशेबाच्या वह्या. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. सासरी निघालेल्या नवरीला वाटेत केराच्या झुडपावर पिकलेली लाल फळं दिसतात. ढालू म्हणतात त्यांना. तिला ती तोडून खावीशी वाटतात. नवऱ्याला ते गावंढळपणाचं वाटतं, त्याचं डोकं आकडेमोडीत अडकलेलं. एवढ्याशा फळावरून लग्नाचं पुढे काय होणार ते कळतं. आणि ज्याने केराचं झुडूप जवळून पाहिलंय, त्याला आणखी एक गोष्ट कळते: पानं नावालाच आणि सगळ्या काटेरी फांद्या हिरव्या, त्यात ती गुंजेपेक्षा मोठी लालचुटूक फळं. त्या मुलखात वर्षाच्या त्या दिवसांत याच्याइतकं रसरशीत दुसरं काही नसतं. वाळवंटातली बाई तहानेनेच व्याकूळ असली पाहिजे असं नाही, तिला रानमेवाही खावासा वाटू शकतो, हे आपल्या किती सिनेमांना सुचलं?

'दुविधा' संथ आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला झोप येऊ शकते, हेही सांगून टाकतो. 'पहेली' डोळ्यांना सुखावतो आणि शेवटी नायिकेला तिचं माणूसही देतो, त्यामुळे पाहुण्यांबरोबर बसून बघायला तोच बरा.

सत्यजित राय यांनी मात्र करमणूक आणि मुलूख दोन्ही सांभाळले. 'सोनार केल्ला' १९७४च्या डिसेंबरात आला. गुप्तहेर फेलूदा आणि मंडळी जोधपूरहून जैसलमेरला निघतात, टायर पंक्चर होतात, मग उंटांवरून रेल्वे गाठण्याची धडपड, आडबाजूच्या स्टेशनावर काढलेली रात्र. तिथं मोकळं रान आहे, पण ओसाडपणा नाही. कुणीतरी भेटतं, कुणीतरी गातं. त्यांच्यातले लालमोहनबाबू विचारतात, उंट काटे वेचून खातो काय? हसू येतं, पण तो प्रश्न वाळवंटात खरोखर गेलेल्या माणसाचाच आहे. बंगाली पर्यटकांची जैसलमेरकडे रीघ लागली ती या सिनेमामुळे.

त्याच वर्षी मे महिन्यात त्याच टापूत, पोखरणला, देशाचा पहिला अणुस्फोट झाला होता. जागा निवडताना ती मोकळी आहे हे पाहिलं गेलं असणारच. १९९८मध्ये पुन्हा स्फोट झाले तेव्हा जवळच्या खेतोलाई गावात घरांच्या भिंतींना तडे गेले. म्हणजे भिंती होत्या.

सिनेमाने हे घडवलं असा माझा दावा नाही, दिग्दर्शकांना इतकं महत्त्व देऊ नये. पण बघायची सवय एकच आहे. गावांनी देवाच्या नावाने राखलेली ओरणं, जिथं गुरं चरतात पण झाडावर कुऱ्हाड चालत नाही, त्यांतली कितीतरी महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली आहेत. पडीक जमीन कुणालाही देता येते. थरमधलाच भडल्याचा सौर प्रकल्प आज जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी आहे, २,२४५ मेगावॉटचा. वीज हवी, तीही कोळशाविना हवी, याबद्दल वाद नाही. पण या विजेच्या तारा माळढोकाच्या वाटेत येतात. जड अंगाचा पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तार जवळ आल्यावर वळता येत नाही. आपल्या नान्नजच्या अभयारण्यातून तो जवळपास नाहीसाच झाला. उरलेसुरले माळढोक बहुतांशी जैसलमेर जिल्ह्यात आहेत. देगराय मातेच्या ओरणात तारेला धडकून माळढोकाचा जीव गेला, तेव्हा गावकरीच आधी रस्त्यावर आले.

हल्ली जैसलमेरच्या आसपास कॅमेरा कुठेही फिरवा, क्षितिजावर पवनचक्क्या येतात. निर्जन वाळवंटाची ज्याला हौस आहे अशा युनिटची यामुळे पंचाईतच होत असणार. खेजडी चौकटीबाहेर ठेवणं सोपं होतं, दोन पावलं सरकलं की झालं. एवढ्या उंच मनोऱ्यांच्या रांगा टाळायच्या तर एकतर बराच आत प्रवास करायला हवा, किंवा संगणकावर एकेक पातं पुसत बसायला हवं, आणि त्याचा खर्च निर्मात्याच्या माथी.