शेजारी नियम मोडतो तेव्हा



वसईत एकेकाळी वाड्यांमध्ये राहणारी आपली अनेक कुटुंबे आता इमारतींत राहतात. वाडीत विहिरीवरून किंवा बांधावरून तंटा झाला की जाणती माणसे मध्यस्थी करीत. इमारतीत ते काम उपविधी, कमिटी आणि सर्वसाधारण सभा करते. सोसायटीचे सभासद होताना आपण हे उपविधी पाळण्याचे वचन देतो. ते वचन मोडणाऱ्याशी इतरांनी कसे वागावे, हा प्रश्न कायद्याचा आहे, तसाच नीतीचाही आहे.

समजा, एकाने जिन्याच्या वळणावर आपले कपाट ठेवले. दुसऱ्याने आईची चाकांची खुर्ची वर चढावी म्हणून प्रवेशद्वाराच्या पायरीवर उतरण बांधली. दोघांनीही परवानगी घेतलेली नाही. "नियम सर्वांना सारखा" असे म्हणून दोघांना एकच दंड करणे म्हणजे न्याय का?

ॲरिस्टॉटल म्हणतो, कायदा सर्वसामान्य परिस्थितीसाठी केलेला असतो. एखादे प्रकरण त्याच्या चौकटीत बसत नाही, तेव्हा कायदा करणाऱ्याचा हेतू पाहावा लागतो. संत थॉमस अक्वायनस वेढा पडलेल्या नगराचे उदाहरण देतात. वेशीचे दरवाजे बंद ठेवण्याचा हुकूम आहे. पण शत्रू आपल्याच रक्षकांच्या पाठीस लागला असेल, तर दरवाजा उघडणेच हुकमाच्या हेतूला धरून होते. मात्र संकट तातडीचे नसेल, तर प्रत्येकाने स्वतःच अर्थ लावू नये, अधिकाऱ्यांना विचारावे, असेही ते बजावतात.

म्हणजे उतरण बांधणाऱ्याने आधी विचारायला हवे होते, आणि सोसायटीने "हो" म्हणायला हवे. जिन्यातल्या कपाटाची गोष्ट निराळी. आग लागली तर तोच जिना सर्वांची वाट असतो. तिथे दाखवलेली दया इतरांवर अन्याय ठरते. थकबाकीचेही तेच: एकाने न भरलेला देखभालखर्च शेवटी बाकीच्यांच्या खिशातून जातो.

सवलत आणि वशिला यांत फरक कसा करावा? सवलतीचे कारण भरसभेत उघडपणे सांगता आले पाहिजे, आणि ज्याच्याशी आपले पटत नाही त्यालाही त्याच कारणासाठी ती देण्याची आपली तयारी हवी. सेक्रेटरीच्या मित्राची बंद केलेली गॅलरी कोणाला दिसत नसेल, तर दुसऱ्याला दंड करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

आता पद्धत पाहू. महाराष्ट्राच्या २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार नियमभंग करणाऱ्याला आधी नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे आणि मग सर्वसाधारण सभेने दंड ठरवावा. तोही आर्थिक वर्षात ५,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात सभासदाला काढून टाकण्यासाठी हजर मतदारांच्या तीन-चतुर्थांश मतांची आणि निबंधकांच्या मान्यतेची अट आहे. तिथेही त्याला बाजू मांडू देणे बंधनकारक आहे. ही कागदी औपचारिकता नव्हे. उतरण कोणासाठी बांधली, हे ऐकल्याशिवाय कसे कळणार?

संत मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय १८) हाच क्रम आहे: चुकलेल्या भावाला आधी एकांतात भेटावे, मग एक-दोघांना सोबत न्यावे, आणि शेवटी मंडळीपुढे जावे. आपण बहुधा उलटे करतो. नाव आधी फलकावर आणि व्हॉट्सॲपवर झळकते. दारावर टकटक कोणीच करीत नाही. कधी पाणी तोडण्याची भाषा होते. वसुलीसाठी निबंधकांकडे जाण्याचा मार्ग कायद्याने दिला असताना, घरातल्या लेकरांना आणि म्हाताऱ्यांना तहानलेले ठेवण्याचे समर्थन आपण कशाच्या आधारे करणार?

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात. तिथे कोणाविरुद्ध ठराव आला, तर हात वर करण्यापूर्वी आपण दोन प्रश्न विचारू या: याला कोणी घरी जाऊन भेटले का? याचे म्हणणे आपण ऐकले का? उत्तर "नाही" असेल, तर तो ठराव पुढे ढकलण्याची सूचना आपणच मांडावी.