अर्धी हूल

फळ वाईट आले म्हणून निर्णयही वाईट ठरतो काय? द्यूताची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पोकरच्या एका डावात हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो तितका संसारात क्वचितच दिसतो, यास्तव त्याच डावाचा आश्रय आम्ही घेतो.

टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकास दोन गुप्त पाने मिळतात आणि सर्वांस सामाईक अशी पाच पाने टेबलावर उघडतात: प्रथम तीन, मग एक, मग शेवटचे एक. समजा, आमच्या हाती बदामाचा गुलाम व दश्शी आहे. टेबलावर बदामाची नव्वी, बदामाची दुर्री व इस्पिकची अठ्ठी पडली आहे. सध्या आमच्यापाशी साधी जोडीही नाही. तथापि न दिसलेल्या 47 पानांपैकी 15 अशी आहेत, की त्यांतील एक येताच पाच बदाम जुळतील किंवा पाच पानांचा क्रम लागेल. पुढील दोन पानांत असे एखादे येण्याचा संभव शेकडा 54 आहे.

मध्यावर 100 डॉलर जमले असून आमच्याजवळ व प्रतिपक्ष्याजवळ 200 आहेत. आम्ही सर्व लावले आणि त्याने पाने टाकली, तर 100 मिळाले. त्याने पैज स्वीकारली, तरी जुळणी होताच आमची सरशी असे धरल्यास, 500 च्या राशीत आमचा सरासरी वाटा 270 होतो. म्हणजे 70 चा लाभच. परंतु चौथे पान निरुपयोगी पडल्यावर हीच खेळी केली तर? आता संधी एकच. संभव शेकडा 33 वर उतरतो आणि पैज स्वीकारली गेल्यास सरासरी 37 ची खोट येते. ती भरून निघण्यास प्रतिपक्ष्याने शंभरांतून निदान 27 वेळा पाने टाकली पाहिजेत. डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ग्रंथांनी अशा खेळीस 'सेमी-ब्लफ' हे नाव रूढ केले; आपण तिला अर्धी हूल म्हणू.

पंधरा पाने कागदावर मोजता येतात. हे सत्तावीस मात्र समोर बसलेल्या माणसातच शोधावे लागतात. जो केवळ करमणुकीस आला आहे व हातची पाने कधीच टाकीत नाही, त्यास हूल देणे म्हणजे बहिऱ्यापुढे गाणे होय. त्याच्यापुढे पुढचे पान फुकट मिळाल्यास पाहावे, किंमत रास्त असल्यास द्यावी, एवढेच शहाणपण. पाने तीच, परंतु माणूस बदलला की योग्य कृतीही बदलते.

असे असता फळावरून निर्णय तोलणे अन्यायाचे आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु या सिद्धान्ताच्या आडोशास एक लबाडी सहज लपते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला सुमारे तीसच डाव होतात; असा प्रसंग विरळा येतो आणि सरासरीचा कौल लवकर हाती लागत नाही. मग हरलेला मनुष्य म्हणतो, "निर्णय बरोबर होता, दैव फिरले." त्यास आमचा एकच प्रश्न आहे: ते सत्तावीस आपण पैसे लावण्यापूर्वी मोजले होते, की हरल्यानंतर?

फळास न्यायासनावरून उतरविले की तेथे आपल्याच मनास बसवावे लागते; आणि त्या न्यायाधीशास लाच देणे सर्वांत सोपे असते.