अर्ज माझ्यासाठी, अपील त्यांचं

एच-१बीबद्दल आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी जेवढं बोललं जातं, तेवढं पगारवाढीबद्दलही बोललं जात नाही. तरी एक साधी गोष्ट मला नोकरीच्या पाचव्या वर्षी कळली: तो अर्ज आपला नसतोच. आय-१२९ हा फॉर्म कंपनी भरते, अर्जदार तीच. आपण त्यातले फक्त 'लाभार्थी'. अर्ज नाकारला गेला, तर अपील करायचा हक्कही कंपनीचाच, साधारण ३० दिवसांत. कंपनीने वकिलाची फी बघून 'जाऊ दे' म्हटलं की विषय संपला. इकडे तुम्ही घर सोडायची नोटीस दिलेली असते, आईने सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलेलं असतं. त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

माझा रूममेट म्हणतो, यात अन्याय कसला? नोकरी त्यांची, खर्च त्यांचा, देश तर तिसऱ्याचाच. दुसऱ्याच्या देशात शिरायचा हक्क आपण जन्माला येताना घेऊन आलेलो नाही. हे मला खोडता येत नाही. पण ब्रिटनमधला एक खटला वाचल्यापासून ते पुरेसंही वाटत नाही.

तिथे एक भारतीय माणूस कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर काम करत होता. सप्टेंबर २०१५मध्ये, मुदत संपायच्या आत, त्याने रीतसर पुढच्या मुदतीसाठी अर्ज केला. अर्ज पडून असतानाच, मार्च २०१६मध्ये सरकारने त्याच्या कंपनीचा स्पॉन्सर परवाना रद्द केला. त्याला कुणी काही कळवलं नाही. जूनमध्ये थेट नकार आला: तुमच्याकडे वैध स्पॉन्सर नाही. त्याची स्वतःची चूक काहीच नव्हती. मधल्या तीन महिन्यांत त्याने दुसरी कंपनी शोधली असती, निदान आवराआवर तरी केली असती.

आमच्याकडे बॅकएंडला जॉब मेलेला असताना युजरच्या स्क्रीनवर 'प्रोसेसिंग'चं चक्र फिरत राहिलं, तर रात्री दोन वाजता कुणाला तरी झोपेतून उठवतात. आणि तिथे अडकलेलं असतं फार तर पिझ्झाचं पेमेंट.

२०२०मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली. परवाना रद्द झाल्याचं लगेच न कळवणं अन्यायाचं होतं, असं म्हटलं. पण कळवल्यावर दुसरी सोय करायला वेगळी मुदतही द्यायलाच हवी, हे बहुमताला पटलं नाही. मी तिथेच अडकलोय. व्हिसा द्यायचा की नाही हे ठरवणं सरकारच्या हातात, अपील करायचं की नाही हे कंपनीच्या. ठीक आहे. पण आपला निर्णय ज्याच्या अंगावर पडणार, त्याला सांगायचं आणि सावरायला वेळ द्यायचा, एवढं देणं त्यांच्याकडे लागतं की नाही? माझ्या मते लागतं, आणि त्यासाठी समोरच्याकडे कुठला हक्क असायचीही गरज नाही.

गेल्या आठवड्यात मी आमच्या एचआरच्या मॅडमना विचारलं, ''माझा अर्ज नाकारला गेला, तर अपील करायचं की नाही हे ठरवताना मला विचारणार का?''

त्या जरा थांबल्या. ''हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं,'' म्हणाल्या. ''लीगलला विचारून सांगते.''