साडीतली मरीया आणि माझं औदार्य

आंजेलो दा फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराची मरीया साडी नेसते. वर्ण सावळा, चेहरा आपल्याकडच्या कुठल्याही लेकुरवाळीचा. 1902 मध्ये जन्मलेला हा माणूस शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकून गोव्यात परतला, तर तिथल्या धर्ममंडळींना त्याची देवमाता रुचेना. हिंदू बाईसारखी मरीया म्हणजे काय! शेवटी त्याने पुणं गाठलं, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढली आणि 1967 साली पुण्यातच देह ठेवला.

सर्वधर्म संवादाच्या बैठकांत ही गोष्ट मी हमखास सांगतो. कर्मठ ते, उदार आम्ही, असा तिचा सूर आपोआप लागतो. (आसरा दिला तो ख्रिस्ती आश्रमाने, सदाशिव पेठेने नव्हे, एवढं सांगायचं राहूनच जातं.)

एकदा बैठक संपल्यावर एका गोवेकर ख्रिस्ती बाईंनी विचारलं, "तुम्हांला ती मरीया का आवडते हो?" मी म्हटलं, "आपली वाटते." "आपली म्हणजे कोणाची?" एवढंच विचारून त्या चहात बिस्किट बुडवायला लागल्या.

तेव्हापासून मन खातंय. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 पासून 1812 पर्यंत चाललं, मधली थोडी वर्षं सोडली तर. त्याच्या 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतल्या हिंदू पेहरावापासून लग्नातल्या चालीरीतींपर्यंत कशाकशावर बंदी घातली. अंगावरच्या कपड्यावरून ज्यांची श्रद्धा जोखली गेली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना साडीतली देवमाता पाहून धस्स झालं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. शिवाय त्याच गोव्यात कुणबी ख्रिस्ती बायका कापड, म्हणजे साडीच, नेसत होत्या. म्हणजे नाकं मुरडण्यात थोडी जातही असणार. ती मात्र आपल्याला चांगली ओळखीची.

पण खरी बोच वेगळी आहे. वसईकडे रस्त्याकडेला काचेच्या पेटीत निळ्या झग्यातली, गोरीपान मरीया दिसते. पायाशी झेंडूचा हार, मेणबत्त्यांचे ओघळ. ती पाहून मी मनात 'युरोपी बाहुली' म्हणतो आणि पुढे जातो. तिच्यापुढे हात जोडणाऱ्या बाईची भक्ती मला उसनी वाटते. दुसऱ्याचा देव माझ्या घरचे कपडे घालून आला तरच मी त्याला पाट मांडतो. याला मी इतकी वर्षं सहिष्णुता म्हणत आलो.

आणि मकबूल फिदा हुसेन? पंढरपुरात जन्मलेला हा चित्रकार हिंदू देवींच्या चित्रांवरून उठलेल्या वादळामुळे 2006 मध्ये देश सोडून गेला, 2010 मध्ये कतारचा नागरिक झाला, 2011 मध्ये लंडनमध्ये वारला. त्याच्या बाजूच्या पत्रकावर मी सही केली होती. सही करताना मनात होतं, याने स्वतःच्या धर्मातलं असं काही काढलं असतं का? फोन्सेकावर चिडलेल्यांना मी कर्मठ ठरवलं. माझ्या चिडण्याला मात्र 'दुखावलेली भावना' असं साजूक नाव ठेवलं. बैठकीत मी हे कधी बोललेलो नाही. समोर मुसलमान मित्र बसलेले असतात, आणि तिथे माझा लौकिक उदारमतवादी म्हणून आहे.