उघडता न येणारी वस्तू

जी वस्तू आपण दाम मोजून विकत घेतली ती आपली झाली, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु जी उघडून पाहण्याची आपल्याला मुभा नाही, ती कितपत आपली म्हणावी? लॅपटॉप घरी उघडून दुरुस्त करू पाहणाऱ्यांच्या निमित्ताने हा प्रश्न आम्हांला वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

अनेक लॅपटॉपांचे अंतरंग वाटते तितके गूढ नसते. तळाचे स्क्रू काढले की आत पंखा, उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी, बॅटरी आणि रॅमची पट्टी दिसते. यंत्र फार तापत असेल तर पुष्कळदा पंख्यात साचलेली धूळ आणि प्रोसेसरवरील वाळलेला थर्मल पेस्टचा लेप हीच त्याची कारणे असतात. धूळ झाडून नवा लेप लावला, की टाकाऊ ठरवलेले यंत्र आणखी काही वर्षे सेवा देते. मंदावलेल्या जुन्या यंत्रात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर त्याचा कायापालट होतो.

परंतु ही वाट हळूहळू अरुंद होत गेली. ॲपलने २००८ साली आणलेल्या मॅकबुक एअरमध्ये रॅम मुख्य सर्किट बोर्डावरच सोल्डर केलेली होती. पुढे इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला. कोठे बॅटरी डिंकाने चिकटवलेली, तर कोठे साध्या पेचकसाने न फिरणारे स्क्रू.

उत्पादकांचे म्हणणे असे, की यंत्र हलके व्हावे आणि ग्राहक सुरक्षित राहावा म्हणून हे करावे लागते. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. लिथियम-आयन बॅटरीला टोकदार हत्यार लागले तर ती पेट घेऊ शकते. फुगलेली बॅटरी अननुभवी माणसाने हाताळूच नये. परंतु धोका आहे म्हणून ज्ञान द्यावे, की कुलूप घालावे? विजेचाही धोका असतो. म्हणून फ्यूज बदलण्याची मनाई कोणी केली नव्हती.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातील चौथ्या हिश्श्याहूनही कमी कचऱ्याचे रीतसर पुनश्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतो. तेथे गोरगरीब माणसे तारा जाळून, आम्ल वापरून त्यातला धातू वेगळा करतात. आपण वस्तू टाकून दिली असे म्हणतो तेव्हा ती पुष्कळदा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलेली असते, आणि तिचा धूर त्याची मुले श्वासात घेतात.

कायदा जागा होत आहे. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ साली या हक्काचा निर्देश संमत केला. मात्र त्याच्या मूळ यादीत मोबाइल फोन असूनही लॅपटॉप नव्हता. शिवाय कायदा फार तर कुलूप काढून देईल. झाकण उघडण्याची इच्छा आणि धीर तो कोठून देणार? नवे घेणे परवडत असताना जुन्यासाठी एक संध्याकाळ खर्च करावी, असे वाटायला वस्तूमागच्या कष्टांची जाणीव असावी लागते.

प्रत्येकाने हाती पेचकस घ्यावा, असा आमचा आग्रह नाही. ज्याला जमेल त्याने स्वतः करावे, न जमेल त्याने जाणत्या कारागिराकडे जावे, आणि दुरुस्ती अशक्यच झाली तर ते यंत्र अधिकृत केंद्रात पोचवावे. मात्र मालकी ही केवळ उपभोगाची सनद आहे, ही समजूत आपण सोडली पाहिजे. वस्तू आपली असेल तर तिच्या अखेरीचेही उत्तर आपणच द्यायचे असते.