पाहुण्याचें ओझें

पाहुणा घरीं आला म्हणजे घरावर थोडें ओझें पडतें, हें सर्वांस ठाऊक आहे. तसें कोणी बोलून दाखवीत नाहीं. परंतु पिठाच्या डब्यापासून स्नानाच्या पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टींत तें मोजतां येतें. तेव्हां जो पाहुणा आपलें अंथरूण, आपली चूल आणि आपलें पाणी बरोबर घेऊन येतो आणि यजमानावर काडीचाही भार घालीत नाहीं, त्यालाच सर्वांत उत्तम पाहुणा म्हणावयास नको काय? हा प्रश्न यंदाच्या चैत्राच्या अखेरीस माझ्या दारांत अक्षरशः येऊन उभा राहिला, आणि तीन दिवस उभा होता.

माझे एक जुने स्नेही व्यापारी जहाजांवर कप्तान होते. पन्नाशी उलटतांच त्यांनीं नोकरी सोडली, एक लहानशी शिडाची नौका घेतली, आणि गेलीं चार वर्षें पतिपत्नी दोघेंच तिच्यावर राहून कोंकणच्या आणि मलबारच्या किनाऱ्यानें हिंडत असतात. यंदा नौकेचा तळ दुरुस्त करण्यासाठीं ती गोव्यांत काठावर ओढून ठेवावी लागली. पाण्यावरचें घर असें कोरड्यावर पडल्यामुळें त्यांनीं चाकांवरचें एक घर भाड्यानें घेतलें, आणि सारा उन्हाळा आप्तेष्टांच्या भेटी घेण्यांत घालवावयाचा बेत केला. त्या मोटारींत दोन माणसांच्या निजण्याची सोय होती, शेगडी होती, कपाटाएवढें न्हाणीघर होतें आणि पाण्याची टांकी होती. कोल्हापूर, सांगली, सोलापूर असे मुक्काम करीत तीं दोघें धाराशिवास आमच्याकडे आलीं.

तीं येणार म्हणून माझ्या आईनें चार दिवस आधींच तयारी सुरू केली होती. आईचें वय आतां ब्यायशीं आहे. तिनें माळ्यावरची कापसाची मोठी गादी काढवून उन्हांत टाकविली, पुरणासाठीं डाळ निवडून ठेवली. गाडी अंगणांत उभी राहिली, नमस्कार-चमत्कार झाले, आणि कप्तान अत्यंत प्रेमानें म्हणाले, “काकू, आमच्यासाठीं कांहींएक करावयाचें नाहीं हं. आम्ही गाडींतच झोपूं, गाडींतच जेवूं. आम्ही आलों आहों तें तुम्हांला भेटायला, त्रास द्यायला नव्हे.” आई हंसली, पण त्या रात्रीं ती गादी घडी करून भिंतीशीं तशीच ठेवलेली पाहून तिनें मला विचारलें, “अरे, आपल्या घरांत त्याला कांहीं उणें वाटलें का रे?”

मलाही वाईट वाटलें होतें, आणि त्याचें कारण निराळें होतें. मी पुण्यास शिकावयास गेलों तेव्हां मला वसतिगृहांत जागा मिळाली नाहीं. या स्नेह्याच्या आईनें मला दोन वर्षें आपल्या घरीं ठेवून घेतलें. दोन खोल्यांचें तें घर, खाणारीं तोंडें पांच, त्यांत मी सहावा. त्या माउलीनें मला एकदांही उपऱ्यासारखें वागविलें नाहीं. ती आज हयात नाहीं. तिच्या मुलाला तीन दिवस माझ्या घरीं जेवूं घालीन, त्याच्या अंगाखालीं माझी गादी पसरीन, अशी मीं मनांत बांधणी केली होती. आणि हा गृहस्थ पाण्याचा तांब्यासुद्धां स्वतःचा घेऊन आलेला!

दुसऱ्या दिवशीं मीं ही गोष्ट त्यांच्यापाशीं काढली. ते म्हणाले, “समुद्रावर पहिला धडा हाच शिकावा लागतो कीं, आपलें पाणी आपण मोजून वापरावें. जो खलाशी बेसावध राहून दुसऱ्याच्या मदतीवर विसंबतो, तो त्या दुसऱ्यालाही संकटांत ओढतो. जमिनीवरच तें निराळें कां असावें?” मला आपल्या भागाची आठवण झाली. 2016 च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें. अशा मुलखांत आपलें पाणी घेऊन येणारा पाहुणा हा पुण्यवान् च म्हटला पाहिजे.

परंतु खरें उत्तर मला त्यांच्या पत्नीनें दिलें. ती म्हणाली, “भावोजी, राग मानूं नका. तुम्ही ज्याला आतिथ्य म्हणतां, तें करतें कोण? आम्ही तीन दिवस तुमच्या घरांत राहिलों असतों, तर तुम्ही ओसरीवर बसून आमच्याशीं गप्पा मारल्या असत्या आणि वहिनी चुलीपाशीं उभ्या राहिल्या असत्या. माझ्या माहेरीं मी तेंच पाहिलें आहे. पाहुणे वडिलांचे असत, आणि कष्ट आईचे.” माझी पत्नी तेथेंच होती. ती कांहीं बोलली नाहीं. पण तिनें माझी बाजू घेतली नाहीं, हें माझ्या ध्यानांत आलें. ती गादी माळ्यावरून कोणीं काढली होती, हेंही मला तेव्हांच आठवलें.

आमच्या धर्मशास्त्रानें या विषयाचा पुष्कळ विचार केलेला आहे. मनूनें अतिथि शब्दाची व्युत्पत्ति सांगतांना म्हटलें आहे कीं, ज्याची वस्ती कायमची नव्हे, जो एकच रात्र राहतो, तो अतिथि. आणि आपल्याच गांवचा मनुष्य अतिथि होत नाहीं. पश्चिमेकडे कांट या तत्त्ववेत्त्यानें 1795 सालीं शाश्वत शांततेवर जो निबंध लिहिला, त्यांतही आतिथ्याची मर्यादा सांगितली आहे. पृथ्वी गोल आहे, माणसें तिच्यावर एकमेकांपासून अनंत दूर जाऊं शकत नाहींत, कधीं तरी भेट होणारच. म्हणून परक्याला भेटीचा हक्क आहे, शत्रूसारखें न वागविलें जाण्याचा हक्क आहे. पण घरांत राहण्याचा हक्क त्यास नाहीं. तो यजमानाच्या स्नेहानेंच मिळावयाचा. समुद्र आणि वाळवंटें ओलांडून माणसांना जवळ आणणाऱ्या जहाजांचा आणि उंटांचा उल्लेख कांटनें तेथेंच केला आहे, हें ऐकून कप्तान खूष झाले. मीं त्यांना म्हटलें, “तुम्ही कांटच्या हक्कावर समाधानी आहां, माझ्या आईला त्या पलीकडचें हवें आहे. भेटीचा हक्क परक्याला पुरतो. तो जर स्नेह्यालाही पुरूं लागला, तर मग स्नेही आणि परका यांत अंतर तें काय राहिलें?”

त्याच दिवशीं दुपारीं आम्ही तेरला गेलों. पहिल्या शतकांतील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याच्या समुद्रप्रवासविषयक पुस्तकांत तगर नांवाची पेठ आली आहे. ती पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथील कापड बिकट वाटांनीं गाड्यांतून भडोच बंदरास जाई, असें त्यांत सांगितलें आहे. तें तगर म्हणजे हें तेर, असें विद्वान् मानतात. कप्तानांना त्या गाड्यांचें मोठें कौतुक वाटलें. मला मात्र तेथें आठवली ती गोरोबाकाकांची आख्यायिका. संतमंडळी गोरोबांच्या घरीं जमलीं असतां, मुक्ताबाईच्या सूचनेवरून काकांनीं हातांतल्या थापटण्यानें एकेकाच्या डोक्यावर थापट्या मारल्या. सारे स्वस्थ बसले. नामदेव तेवढे रागावले, आणि काकांनीं निर्वाळा दिला कीं, हें मडकें अजून कच्चें आहे. मनुष्य कच्चा कीं भाजलेला हें दुसऱ्याच्या घरांत कळतें. तेथील जेवणाची वेळ आपली नसते, मीठ आपल्या मापाचें नसतें, उशी आपल्या उंचीची नसते. जो आपलें घर पाठीवर घेऊनच हिंडतो, त्याच्या डोक्यावर थापटणें कधीं पडतच नाहीं.

हें मी मोठ्या उत्साहानें बोलून गेलों. आणि मग माझ्या लक्षांत आलें कीं, थापटणें माझ्याच डोक्यावर पडलें होतें. मी कशानें रागावलों होतों? कप्तान ऋण टाळीत होते, हें खरें. पण मला तरी काय हवें होतें? त्यांच्या आईचें ऋण तीन दिवसांच्या पुरणपोळींत फेडून मोकळें व्हावयाचें होतें. दोघांनाही आपापली वही कोरी ठेवावयाची होती. शिवाय माझी वही कोरी करण्याचे कष्ट मी पत्नीच्या आणि आईच्या अंगावर टाकणार होतों.

परतीच्या वाटेवर कप्तानांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. सोलापुराकडून येतांना त्यांना ऊंसतोडीहून परतणारी एक टोळी लागली होती. ट्रॅक्टरच्या मागच्या गाडींत भांडीं, पत्रे, शेळ्या आणि मुलें एकत्र भरलेलीं होतीं. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या बीडमधून हजारों कुटुंबें अशीं साखर कारखान्यांच्या मुलखांत जातात, फडाजवळ कोपी घालून राहतात आणि हंगाम संपला कीं परततात. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते, आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. तेंही जोडपेंच, आणि तेंही घर बरोबर घेऊन निघालेलें. कप्तानांची गाडी ऋण नको म्हणून हिंडते. त्यांची ऋण फेडण्यासाठीं. कप्तान बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्यांना कोणी घरांत बोलावलें, तर तीं नाहीं म्हणतील असें वाटत नाहीं. नाहीं म्हणणें ही माझीच चैन आहे.”

तिसऱ्या दिवशीं आम्ही सर्वजण, आईसह, तुळजापुरास गेलों. तुळजाभवानीची मूर्ति चल आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी पौर्णिमेपर्यंत निद्रा घेते, आणि ती ज्या पलंगावर निजते तो तिच्या घरचा नसतो. पालखी आणि पलंग दोन्हीं दरवर्षीं नगरच्या बाजूनें भक्त घेऊन येतात. ही हकीकत आईनेंच कप्तानांच्या पत्नीला सांगितली. ज्या देवीला कशाचीच वाण नाहीं, ती दुसऱ्यानें आणलेल्या पलंगावर झोंपते. तिला पलंगाची गरज नसेल; आणणाऱ्यांना तो आणण्याची गरज आहे, आणि देवी ती मोडीत नाहीं.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आई मला म्हणाली, “ती गादी घे, आणि त्यांच्या गाडींत नेऊन घाल.” कप्तान धांवून आले, तर ती म्हणाली, “तूं नको. हा उचलील.” मीं ती गादी खांद्यावर घेतली, आणि ओसरीच्या तीन पायऱ्या उतरून गाडीपर्यंत नेली. कापसाची गादी किती जड असते, हें मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं कळलें. गाडीच्या अरुंद दारांतून ती आंत जाईना, तेव्हां एक टोंक कप्तानांनीं आंतून ओढलें. आतिथ्याचें ओझें असतेंच. तें नाहींसें करण्याचा उपाय मला दिसत नाहीं, आणि आतां हवाही वाटत नाहीं. तें कोणीं उचलावें, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर मी इतकीं वर्षें दुसऱ्यांना देऊं देत होतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कप्तानांनीं स्वयंपाकघरांत येऊन चहाचीं भांडीं स्वतः घांसलीं. आईनें तें पाहिलें, दोनदां उठण्याचा प्रयत्न केला, आणि मग बसून राहिली. निघण्याच्या वेळीं ते गादी गुंडाळून परत आणूं लागले, तेव्हां मात्र तिनें त्यांना थांबविलें. “असूं दे गाडींत. परत द्यायला यावें लागेल.” कप्तान म्हणाले, “काकू, ही गाडी भाड्याची आहे, आणि आमच्या होडींत एवढ्या मोठ्या गादीला जागा नाहीं.” आई म्हणाली, “मग लौकर ये.”

ज्येष्ठांत त्यांची गाडी परत गेली. गादी सध्यां गोव्यांत कोणा ओळखीच्यांच्या माळ्यावर आहे, असें त्यांनीं कळविलें आहे. आई दर पंधरा दिवसांनीं तिची चौकशी करते. मी कांहीं ती परत मागविलेली नाहीं.