पाठीचे दुखणे आणि दुसरा बाण



मणक्यातील चकती सरकून शीर दाबली, की कंबरेपासून पायापर्यंत विजेसारखी कळ जाते. मी ती भोगतो. शेजारी म्हणाले, 'मागल्या जन्मीचे पाप!' मग भगवान बुद्धांची पाठ का दुखली? कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात त्यांनी आनंदाला उपदेश करावयास सांगितले व स्वतः पाठ टेकली. हे वाचल्यापासून वर्गात खुर्चीवर बसून शिकविण्याची मला लाज वाटत नाही.

तथागतांनी शिकविले : देहाची वेदना हा पहिला बाण, तिच्यावरचा शोक-संताप हा दुसरा. पहिल्यावर डॉक्टरांचे उपचार घ्या. पाय लुळा पडला, लघवी अडली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा, अंगारे-धुपारे नकोत. दुसरा बाण उपसणे मात्र आपल्याच हाती आहे.

जय भीम!